आवारी सर आणि फ्यूज बल्बातली तार

आवारी सरांवर चांगलं लिहावं म्हणून बसले की हात आखडतो, आणि वाईट लिहायचं ठरवलं की शब्द सुचत नाहीत. गेली कित्येक वर्षं माझी ही पंचाईत आहे. माणूस सरळ सरळ लबाड असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते. लबाड माणसं काय, पैशाला पासरी मिळतात. पण सर लबाड नव्हते, निदान मला तरी ते तसे कधी दिसले नाहीत. आणि तरी त्यांनी मला जेवढं फसवलं तेवढं दुसऱ्या कुणी आजवर फसवलेलं नाही.

संगमनेरच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले ते एकाहत्तर साली. जागा तात्पुरती, दरवर्षी नव्याने हुकूम निघायचा. रुजू व्हायचा कागद घेऊन विभागात गेले तेव्हा विभागप्रमुख आवारी सर टेबलावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः, असे उभे राहून छतातला बल्ब काढत होते. खाली उतरले, बल्ब कानापाशी नेऊन हलवला, आतली तुटकी तार किणकिणली तसा त्यांचा चेहरा खुलला.

"गेला बिचारा," ते म्हणाले. मग तो बल्ब रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही कुलथे. म्हणजे सोनाराच्या का?"

मी हो म्हटलं.

"मग तारेचं तुम्हाला काही शिकवायला नको. घरात फ्यूज गेलेले बल्ब असतील तर आणत चला."

झाली माझी मुलाखत.

सर अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावचे. घरी भाताची खाचरं, भाऊ ती बघायचा. सरांनी पुण्याला एम. एस्सी. केलं, पीएच. डी. अर्धी टाकून ते परत आले आणि संगमनेरात राहिले. अर्धी का टाकली हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा कारण निराळं होतं. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवं होतं, पण सांगण्याची धाटणी अशी की तिन्ही कारणं खरी वाटली. अंगात पांढरा सदरा, त्याला आम्लाने पडलेली तपकिरी भोकं. पॅन्टच्या खिशात कायम चिमटा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, बारीक तार दाबून धरायला. चहा आला की अर्धा बशीत ओतून समोरच्याला द्यायचे आणि स्वतः कपातला घ्यायचे. समोर प्राचार्य असोत की शिपाई, बशी समोरच्याची. वर्गात अगदी पुस्तकी मराठी, पण मनासारखं काही झालं की अकोल्याची बोली उसळून वर यायची. "लई भारी!" असं सर ओरडले की शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीतही कळायचं की भौतिकशास्त्रात काहीतरी साधलं.

सरांना वेड होतं ते टोकाचं. सुईचं टोक म्हणा, पण शिंप्याच्या सुईचं नव्हे. पुण्याचा एक मित्र त्यांना जुनी परदेशी मासिकं पाठवायचा. त्यातल्या एकात सरांनी वाचलं होतं की अमेरिकेत कुणीतरी एक नवाच सूक्ष्मदर्शक करून पाहिला आहे. त्यात भिंगं नाहीत. धातूच्या तारेचं अतिशय बारीक टोक वस्तूच्या अगदी निकट न्यायचं, पण टेकवायचं नाही. मग ते वस्तूवरून ओळीने फिरवायचं आणि मधल्या फटीतून वाहणाऱ्या विजेवरून त्या वस्तूचे खाचखळगे टिपायचे. "आंधळा माणूस हात फिरवून तोंड ओळखतो ना, तसं," सर सांगायचे. हे सगळं त्या टोकावर अवलंबून. टोक जेवढं बारीक तेवढं चित्र साफ. आणि टोक करायला लागते टंगस्टनची तार. ती बाहेरून मागवायची तर परकीय चलनाचा परवाना, दिल्लीपर्यंत कागद, आणि वर्षभराची वाट.

"आणि इथं," सर हात पसरून म्हणायचे, "तोच टंगस्टन देशातल्या घराघरात लटकतोय, बाई. जळाला की लोक उकिरड्यावर टाकतात. उकिरड्यावर!"

फ्यूज बल्बातल्या तारेपासून, जवळजवळ फुकटात, अशी टोकं करायची हा सरांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी सारं संगमनेर कामाला लावलं होतं. तासाला उशिरा येणाऱ्या मुलाला ते बाहेर ठेवायचे नाहीत. "एक बल्ब," एवढीच शिक्षा. पुढे पुढे पोरांनी घरातले चांगले चालू बल्ब काढून आणायला सुरुवात केली. एका मुलाचे वडील तणतणत कॉलेजात आले तेव्हा सरांनी त्यांचा बल्ब तर परत दिलाच, वर त्यांना बसवून अर्धा तास टंगस्टन समजावून सांगितला. ते गृहस्थ जाताना म्हणाले, "मास्तर, आमच्या गिरनीत दोन गेलेले हायेत, धाडून देतो."

घरच्या बल्बातली तार मात्र फार बारीक. सरांना आवडायची ती मोटारीच्या दिव्यातली. एकदा आम्ही दोघं पेपर तपासणीच्या कामाहून परतत होतो. नाशिक-पुणे रस्त्यावर एक ट्रक एकाच दिव्यावर येताना दिसला. दिवस मावळत होता. सरांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि भर रस्त्यात दोन्ही हात वर करून उभे राहिले. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारून धावत आला.

"काय झालं वो? कुनाला लागलं का?"

"तुमचा डावा दिवा गेलाय," सर म्हणाले.

"व्हय, ठावं हाय मला. मंग?"

"तो बल्ब मला देता का?"

ड्रायव्हरने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा दोघांनाही शिव्या घालणार. पण सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सुरू केलं, हा धातू काय आहे, तो किती तापला तरी कसा वितळत नाही, त्याची सुई झाली तर माणसाला काय काय दिसेल. पाच मिनिटांत तो माणूस पाना घेऊन दिवा खोलत होता. "घ्या मास्तर," तो म्हणाला, "माजा दिवा तरी कुनाच्या कामाला यील." त्या दिवशी रस्त्यात उभी असताना मला सरांचा जो अभिमान वाटला तो मी नाकारणार नाही. असा माणूस वरिष्ठ म्हणून मिळायला भाग्य लागतं असं मी घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा.

टोक करायचा आमचा कारखाना मोठा बघण्यासारखा होता. रेडिओतून काढलेला ट्रान्सफॉर्मर, टॉर्चच्या सेलमधली काळी कांडी, लोणच्याची रिकामी बरणी, साबणवाल्याकडून आणलेला कॉस्टिक सोडा आणि दवाखान्यातून टाकून दिलेली इंजेक्शनची सुई. सुईत तार अडकवायची, तिचं टोक सोड्याच्या पाण्यात जरासं बुडवायचं आणि वीज सोडायची. पाण्याच्या रेषेशी तार झिजत जाते, तिथे तिचा गळा बारीक होतो आणि शेवटी खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटतो. तुटला त्या क्षणाला वीज बंद झाली पाहिजे. जरा उशीर झाला की टोक विरघळून बोथट. सर त्या वेळी पंखा बंद करायचे, डोळे मिटायचे आणि बटणावर बोट ठेवून पाण्यातल्या बुडबुड्यांचा बारीक चर्र आवाज ऐकायचे. आवाज बदलला की बटण बंद.

मग वनस्पतिशास्त्राचा सूक्ष्मदर्शक मागून आणायचा आणि टोक बघायचं. मी पहिलं केलं तेव्हा उत्साहाने म्हणाले होते, "सर, टोक दिसतंय!"

"दिसतंय ना? मग फेका," सर म्हणाले. "दिसतंय तोवर बोथट. दिसेनासं झालं की टोक आलं."

मी दिसेनासं होईपर्यंत करत राहिले. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, पुढच्या वर्षी दुष्काळच पडला. कॉलेजच्या नळाला पाणी नाही, टोकं धुवायचं शुद्ध पाणी आम्ही बॅटरीच्या दुकानातून बाटलीभर मागून आणायचो. पण काम थांबलं नाही. सहा-आठ महिन्यांत माझा हात असा बसला की सर स्वतः मागे उभे राहायचे आणि बटण मला द्यायचे. "बाई, तुमचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे," असं ते चार लोकांत सांगायचे. कुणाला वाटेल मी फुशारकी मारते आहे. मारते. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात कुणाहीपेक्षा चांगली येत होती.

एक काम मात्र सरांनी मला कधीच करू दिलं नाही. बल्बातली तार स्प्रिंगसारखी वेटोळी असते. ती सोडवून, स्पिरिटच्या दिव्यावर तापवून सरळ करावी लागते. ते सर सकाळी लवकर येऊन, एकटेच करायचे. मी आले की माझ्या टेबलावर वैद्याच्या पुडीसारखी कागदाची पुडी ठेवलेली असायची आणि तिच्यात बोटाएवढे सरळ तुकडे. मी दोनदा म्हणाले, मलाही शिकवा. सर हसले. "डोळे जातात त्यात. लग्नाच्या मुलीला जाड चष्मा लागला तर तुमचे वडील मला विचारतील." मीही हसले. सोनाराची मुलगी मी, वडील तार ओढताना बघत लहानाची मोठी झालेली. त्या तुकड्यांकडे एकदा नीट पाहावं असं मला वाटलं नाही. माणसावर विश्वास बसला की त्याने हातात दिलेली वस्तू आपण पारखून घेत नाही.

पुण्यात एक डॉक्टर होते, म्हणजे भौतिकशास्त्रातले. मासिकातला तो चाचपणारा सूक्ष्मदर्शक इथे करून पाहायचा असं त्यांच्या मनात होतं, यंत्र उभंही झालं होतं, पण टोकांपाशी त्यांचं अडलं होतं. सरांनी त्यांना कळवायचं ठरवलं. आम्ही सहा पानांचं टिपण लिहिलं. टाकाऊ विद्युतदीपातील तारेपासून सूक्ष्म टोके, असं त्याचं नाव. वर नावं घालायची वेळ आली तेव्हा मी सरांचं आधी लिहिलं. सरांनी ते खोडलं आणि माझं आधी घातलं.

"हे काय सर?"

"हात तुमचा आहे. माझं वय झालं, मला नाव घेऊन काय लोणचं घालायचंय? तुम्हाला पुढं जायचंय."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, तिथेच बसून रडले. सरकारने सोन्याच्या दागिन्यांवर बंधनं घातल्यापासून वडिलांच्या हाताला चांदीच्या जोडव्यांखेरीज फारसं काम राहिलं नव्हतं, आणि मुलीला आणखी शिकवायचं हा विषय आमच्या घरात केव्हाच मिटला होता. पुण्याहून उत्तर आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की कुलथे बाईंनी टोकं घेऊन यावं, काम पटलं तर संशोधनाला विद्यार्थिनी म्हणून घेईन, वर शिष्यवृत्तीही मिळेल. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी सर म्हणाले, आईला बरं नाही, गावी जावं लागणार. "टोकं तुमची, उत्तरं तुम्हाला येतात. मी कशाला मध्ये?" सकाळी एस. टी. वर पोचवायला मात्र आले. दहा टोकांची डबी मेणात बसवलेली, ती हिसक्याने हलू नये म्हणून माझ्या मांडीवर स्वतःची शाल घडी करून ठेवली.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला फार चांगलं वागवलं. दहापैकी नऊ टोकं त्यांच्या यंत्रात उत्तम चालली. त्यांचे विद्यार्थी माझ्याभोवती गोळा झाले. मग डॉक्टर म्हणाले, "वा. आता आमच्यासमोर एक करून दाखवा. मुलांना शिकता येईल." आणि टेबलाच्या खणातून त्यांनी एक फ्यूज बल्ब काढून माझ्या हातात दिला.

मी तो फोडला. वेटोळी तार चिमट्यात धरली, सर सांगायचे तशी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि ओढली. तुटली. दुसरा बल्ब दिला, त्यातलीही तुटली. मोटारीचा आणून दिला. त्यातली चांगली जाड तार, तिचे चार तुकडे झाले. जळून गेलेला टंगस्टन काचेसारखा ठिसूळ होतो हे मला त्या टेबलापाशी कळलं. शेवटी नखाएवढा एक तुकडा कसाबसा सरळ झाला. तो मी सोड्यात बुडवला, आवाज ऐकला, अचूक बंद केला. भिंगाखाली पाहिलं तर टोक दातवणासारखं फुटून पिंजलेलं होतं. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "तार तुम्ही स्वतः सरळ करत होता?"

"आमचे सर करतात," मी म्हणाले.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "बघू. कळवतो."

परत आले तर सर स्टँडवर उभे. "किती चालली?"

"नऊ."

"नऊ! लई भारी, बाई, लई भारी!" स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. इतका निखळ आनंद मी मोठ्या माणसाच्या तोंडावर पाहिलेला नाही. मग मी उरलेलं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, बशी माझ्यापुढे सरकवली. "सरळ करायला हात बसावा लागतो. घाबरू नका. तुम्ही घाईत ओढली असणार."

मी विश्वास ठेवला! पुण्यात चार माणसांसमोर नाक कापून आलेली मी, तरी विश्वास ठेवला. महिनाभर रोज संध्याकाळी घरी वडिलांच्या बैठकीपाशी बसून मी फ्यूज बल्ब फोडत होते आणि तारा मोडत होते. बोटांत काचा गेल्या. एक दिवस वडिलांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"काय चाललंय गं तुझं?"

मी सांगितलं. सरांनी दिलेल्या पुडीतला एक तुकडा माझ्याजवळ उरला होता, तो पुढे केला. "अशी सरळ व्हायला पाहिजे."

वडिलांनी डोळ्याला भिंग लावलं. तुकडा बोटांत फिरवला, आरशाच्या काचेवर ठेवून नखाने लोटला. तो सरळ घरंगळत गेला.

"ही कुठली तार म्हनलीस?"

"बल्बातली. सरांनी सरळ केलेली."

"न्हाई," वडील म्हणाले. "ही जंतरातून आली ती तशीच हाय." जंतर म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी. "एकदा वेटोळं झालेली तार कितीबी सरळ कर, काचंवर लोटली की अंग टाकती, सरळ घरंगळत न्हाई. हिला कधी वेटोळं म्हाईतच न्हाई. आन् ही विस्तवातबी गेल्याली न्हाई. आगीतनं निघालेल्या धातूचं तोंड निराळं असतं. कोरी तार हाय ही, पोरी. रिळावरची."

भिंग काढून वडिलांनी तुकडा परत पुडीत बांधला आणि माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कॉलेजात गेले. सर विभागात होते. टेबलावर तपकिरीची डबी उघडी, तिच्यात छोटं रीळ, आणि सर कात्रीने बोटाएवढे तुकडे कापून पुडी भरत होते. मला बघून त्यांनी डबी झाकली नाही. तेवढं मात्र केलं नाही.

"कुठून आणलं?" मी विचारलं.

"पुण्याचा मित्र. बल्बच्या कारखान्यात आहे." मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "एकदा झालं होतं, बाई. खरंच झालं होतं. तुम्ही यायच्या आदल्या वर्षी. सिनेमाच्या यंत्रातल्या दिव्याची तार, एक टोक असं आलं होतं की दिसेना. मी पेढे वाटले. मग पुन्हा जमलं न्हाई. म्हटलं तोवर या तारेवर बाकीचं तर शिकू. ती एक गोष्ट जमली की सगळं खरंच होणार हुतं."

"मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही इतका विश्वास ठेवला," सर म्हणाले, "मला वाटलं, जमेलच."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण कुणाही गुरुजनाशी बोलू नये असं बोलले. टिपणावर माझं नाव होतं, पुण्यात मी उभी राहिले होते, आणि मला पाठवताना यांना माहीत होतं. त्यांची आई आजारी नव्हतीच. सरांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "मी सांगतो प्राचार्यांना. सगळं सांगतो. तुम्ही काळजी करू नका." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी पुन्हा विश्वास ठेवला.

आठवड्याने पुण्याचं पत्र प्राचार्यांकडे आलं. भाषा सभ्य होती. टोकं उत्तम आहेत, मात्र ती टिपणात म्हटलेल्या तारेची नाहीत असं आमच्या तपासणीत दिसतं, तरी खुलासा व्हावा. आम्हा दोघांना बोलावणं आलं. प्राचार्य तसे सरळ गृहस्थ, पण कॉलेजच्या नावाला जपणारे. त्यांनी टिपण पुढे टाकलं.

"हे काय आहे, आवारी?"

मी सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होते. मी वाट पाहिली.

"तार मला सर देत होते," शेवटी मीच म्हणाले. "ती बल्बातली आहे असं मला सांगितलं होतं."

"तुम्ही तपासून पाहिलं नाही? सहा पानं लिहिलीत, पुण्याला जाऊन आलात." प्राचार्यांनी टिपण सरांकडे फिरवलं. "आवारी, यावर पहिलं नाव कुणाचं आहे?"

सरांनी फोटोवरची नजर काढली नाही.

"बाईंचं," ते म्हणाले.

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. पुढेही एक शब्द ते बोलले नाहीत, ना हो, ना नाही. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये ते थांबले, बहुतेक काही बोलायचं असावं. मी थांबले नाही.

जूनमध्ये माझ्या जागेचा नवा हुकूम निघाला नाही. पुण्याहून दोन ओळींचं पत्र आलं, तूर्त जागा नाही. वडिलांनी विचारलं, भांडायला येऊ का? मी नको म्हणाले. देवळाली प्रवरेकडच्या एका शाळेत विज्ञानशिक्षिकेची जागा होती, ती धरली. उसाच्या त्या मुलखात मी पुढे आयुष्य काढलं आणि वाईट गेलं असं नाही. पण सरांवरचा राग गेला नाही. एखाद्या परक्याने फसवलं असतं तर मी दोन दिवस चडफडले असते. सरांनी आधी मला एक गोष्ट चांगली शिकवली, ती माझी आहे असं मला वाटू दिलं, आणि मग तीच गोष्ट माझ्या तोंडावर खोटी पाडली. हे मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दीड वर्षाने. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या आवारात शेती आणि विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी गेले. मांडवाच्या एका कोपऱ्यात गर्दी दिसली आणि गर्दीतून आवाज आला, "उकिरड्यावर! लोक उकिरड्यावर टाकतात!" मी ओळखला. टेबलावर तोच सगळा कारखाना मांडलेला, शेजारी फ्यूज बल्बांची टोपली, आणि काचेच्या डबीत मेणात बसवलेली टोकं. सर वाळले होते, केस पिकले होते, पण सांगण्यात तीच जादू. शेतकरी, बाया, कारखान्याची माणसं, सगळी तोंड उघडी टाकून ऐकत होती.

पुढे उभा असलेला कारखान्याचा एक फिटर, तेलकट कपड्यातला, त्याने टोपलीतला एक बल्ब उचलला. "मास्तर, आमच्याकडं असले पोतंभर पडल्यात. ह्याच्यातनं खरंच हुतं का?"

सरांनी उत्तर द्यायला मान वर केली आणि मी त्यांना दिसले. मला वाटलं, आता हा माणूस अडखळेल. अडखळले नाहीत. उलट चेहरा फुलला, जुनी ओळख भेटावी तसा.

"अहो, मला काय विचारता? या बाईंना विचारा. आम्ही दोघांनी मिळून केलंय हे."

सगळी माणसं माझ्याकडे वळली.

"नाही," मी म्हणाले. "त्यातून होत नाही."

मग सर हसले. त्या हसण्यात राग नव्हता, ते मायेने हसले, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला सांभाळून घ्यावं तसे. "बाईंच्या हाताला नाही जमलं," ते लोकांना म्हणाले. "सगळ्यांना जमतंच असं नाही. हात लागतो त्याला."

दोघं-तिघं हसली. माझा हात! चार लोकांत ज्याचं कौतुक करताना ते थकत नव्हते तो माझा हात. मी पुढे झाले, फिटरच्या हातातला बल्ब घेतला आणि सरांसमोर टेबलावर ठेवला.

"मग करून दाखवा, सर."

"व्हय मास्तर," फिटर म्हणाला, "दावाच. मी थांबतो."

सर त्या बल्बाकडे पाहत राहिले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी तो पुसला, उचलला, पुन्हा ठेवला. लोक वाट बघत होते, मग एक-दोघं निघाली, मग बाकीची पांगली. फिटर एकटा हाताची घडी घालून उभा होता.

"उद्या या," सर त्याला म्हणाले. "निवांत करून दाखवतो."

प्रदर्शन त्याच संध्याकाळी संपत होतं.